थरथरता हात आणि कोथिंबिरीचा ट्रक

"तुमचा इस्वास बसायचा न्हाय, पण ऐकाच," म्हणत वैजनाथने चहाचा कप फळीवर ठेवला.

लिलाव उरकला की मार्केट यार्डातल्या त्याच्या गाळ्यापुढे चार आडते जमत, ते खास त्याच्या थापांसाठी. गेलं वर्षभर मात्र येणारा प्रत्येकजण आधी आत डोकावून विचारी, "संभाजी बरा हाय का?" धाकटा भाऊ संभाजी आत पोत्यांवर बसलेला असे. बायको वारली तेव्हापासून त्याला मनाच्या गोळ्या चालू होत्या. पहिला चहा त्याला, पंख्याखालची जागा त्याला. खुद्द वैजनाथची बायको शालू डब्यात दिराची भाकरी तुपाने माखी आणि नवऱ्याची कोरडीच ठेवी! वैजनाथचा वर्षभर नुसता जळफळाट.

"म्हनलं, आपनबी जाऊ डॉक्टरकडं," तो रंगात आला. "मन लागत न्हाय म्हनालो. गड्यानं मान वर न करता गोळीची चिठ्ठी फाडली. घरात कोन वारलं, जेवतोस का, काय इचारनं न्हाय. आठवड्यात हात थरथराया लागला. परत गेलो, तर थरथरीवर दुसरी गोळी. तिनं दिवसाबी झोप, तर तिसरी. म्हनलं, बंद करू का? तर म्हनतो, एकदम बंद केलीस तर आणखी बिघडशील!"

"मग?" विश्वजीतशेठने खुर्ची पुढे ओढली.

"मग काय! गावाकडच्या बाजारात कोथिंबिरीचा लिलाव. मी गप उभा, पन हात आपला हलतोय. हात हलला की लिलाववाला भाव चढवतोय! समोरच्यांनी माघार घेतली, अख्खा ट्रक माझ्या गळ्यात. आठ दिवस फुकट वाटली. लोणी काळभोरच्या म्हशींनीसुदिक शेवटी तोंड फिरवलं!"

हसून हसून विश्वजीतशेठच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभरात पहिल्यांदाच कुणाची नजर आतल्या पोत्यांकडे नव्हती. वैजनाथला वाटलं, हा दिवस संपूच नये.

"आन् खरी गंमत म्होरं," तो म्हणाला. "मला ना राग आला, ना हसू. आत काय हललंच न्हाय. बायकोचा फोटू बघितला, तरीबी..."

"दादा."

संभाजी गाळ्याच्या दारात उभा होता. कोरड्या ओठांवरून त्याने जीभ फिरवली, एकेक शब्द जड ओझं उचलल्यासारखा बोलला.

"ट्रक न्हाय, टेंपो हुता. वहिनी घरात जित्ती हाय, तू कुनाचा फोटू बघतूस? आन् तो हात तुझा न्हाय दादा, माझा हुता."