गप्प बसवणारी गोळी

सकाळी शटर वर गेलं की त्या दुकानात आधी सासूबाईंचा आवाज सुरू होई, मग शिवणयंत्राचा. खाली पडद्यांचं दुकान, वर घर. कापड सासूबाई निवडत, मापं घ्यायला मुलगा जाई आणि शिवायची सून. तिच्या पडद्याची एक चुणी दुसरीपेक्षा जाड निघेल तर शपथ!

पण तिचं मूल पोटातच गेलं आणि ती आतून विझली. यंत्रापुढे बसून नुसती रडायची. नवऱ्याने तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तेही मागच्या दाराने! घरात वेड शिरलंय असं लोकांना कळलं तर गिऱ्हाईक तुटेल, हा सासूबाईंचा धोशा.

डॉक्टरीणबाईंनी नैराश्यावरची गोळी दिली. "हिचा गुण यायला काही आठवडे लागतील. मध्येच सोडायची नाही."

सून रोज घेत राहिली. आणि एका दुपारी, ताट वाढता वाढता, तिने मान वर केली.

"आई, माझं बाळ गेलं आणि चार दिवसांत तुम्ही मला यंत्रावर बसवलंत. मला ते फार लागलं."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "ऐकलंस रे? जीभ फुटली हिला! यापेक्षा रडत होती ती बरी. त्या औषधाने डोकं आणखीच फिरलंय."

"आई, जाऊ दे ना," नवरा ताटातच बघत पुटपुटला. त्याचं सगळं शौर्य एवढंच!

गोळ्या केराच्या डब्यात गेल्या. सासूबाईंनी कपाटातून स्वतःच्या काढल्या. मागे त्यांना धडधड व्हायची, तेव्हा थोड्या दिवसांसाठी मिळालेल्या. ओळखीचा दुकानदार मागाल तेवढ्या द्यायचा. "ही घे. अर्ध्या तासात माणूस कसं लोण्यासारखं होतं बघ."

आणि झालंही तसंच! सून रडेना, बोलेना. काही विचारलं तर "हं". डोळे अर्धे मिटलेले. घर खूश! सासूबाई शेजारणीला हसत सांगत, "सूनबाईंच्या तोंडाला मी दुहेरी टीप घातलीय. उसवायची नाही आता." शेजारीणही हसायची. नवऱ्याला शांत जेवण मिळू लागलं, आणि त्याने पुढचं काही विचारलं नाही.

मग एका मोठ्या ऑर्डरच्या दिवशी सुनेची मान पेंगली, पायाखाली यंत्र धावत राहिलं आणि सुई बोटातून आरपार गेली. ती बोटाकडे बघत राहिली. किंकाळी उशिराच आली, आणि तीही बारीक.

सासूबाई धावल्या. आधी त्यांनी कापड ओढून घेतलं.

"रक्त लागलं का बघ रे! फिकट रंग आहे, निघायचं नाही!"

दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमची ही गोळी घाबरलेल्या मनाला तेवढ्यापुरतं निजवते. थोडे दिवस, आम्ही सांगू तशीच घ्यायची. रोज घेतली की झापड येते, सवय लागते. नैराश्य तिने बरं होत नाही. मी दिलेली हळूहळू माणसाला उभं करते."

"कसली उभं करते! काडीचा गुण नव्हता. उलट बोलायला लागली होती ही!"

"म्हणजे गुण येत होता."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. डॉक्टरीणबाईंनी सुनेला आधीची गोळी पुन्हा सुरू करून दिली. दुसरी एकदम तोडली तर त्रास होईल, म्हणून ती कशी कमी करत जायची तेही तिलाच समजावलं.

काही दिवसांनी ऑर्डरवाल्या बाई पडदे न्यायला यायच्या होत्या. सासूबाईंनी पाण्याचा पेला आणि अख्खी गोळी पुढे केली. "घे. लोकांसमोर तमाशा नको."

"मला सांगितलेली अर्धी मी घेतली, आई. ही तुमची. तुम्हीच ठेवा."

"आईशी असं बोलतेस?" नवरा ओरडला.

"हो. आता बोलणार."

तेवढ्यात बाई दारात आल्या. सासूबाईंनी आवाज उतरवला. "सुनेकडे लक्ष देऊ नका हं, तिचं जरा..." आणि कपाळाशी बोट फिरवलं.

सून पट्टी बांधलेल्या हातात पडदे घेऊन पुढे आली. तिने आवाज उतरवला नाही. "मला नैराश्याचा आजार आहे. औषध चालू आहे, मी बरी होतेय. हे तुमचे पडदे. शिवण तपासून घ्या."

बाईंनी शिवण पाहिली. एकही टाका वाकडा नव्हता. मग सुनेकडे पाहिलं आणि पडदे अलगद टेबलावर ठेवले. "राहू द्या. मी दुसरीकडे बघते."

"झालं समाधान?" सासूबाई फिस्कारल्या.

सुनेचे डोळे भरले. "झालं," ती म्हणाली आणि यंत्राशी जाऊन बसली.

त्या बाई काही दुष्ट नव्हत्या. चांगल्या घरच्या, चार पुस्तकं वाचलेल्या, आपल्यासारख्याच. त्या दारात तुम्ही असता, तर ते पडदे उचलले असते का?