भिंगरीचं वाचन

सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. खडू हरवला, सापडला, पुन्हा हरवला. शेवटी तो माझ्याच हातात होता. आज शाळेतल्या प्रत्येक मुलाची वाचनाची चाचणी होती आणि त्यावरून नवे गट पडणार होते. अक्षरं येत नसतील तर चौथीतलं पोरही पहिलीतल्यांच्या शेजारी, अक्षरगटात. ही टूम माझीच. "मुलं वर सरकतात, वाचन खालीच राहतं," असं बैठकीत ठणकावून सांगितलं होतं मी.

आणि माझ्याच चौथीत माझी लेक होती, भिंगरी. पहिल्या बाकावरची, पुस्तक घडाघडा वाचणारी. तिची मला काळजी नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते आणि तिला कधी वेगळं जवळ घेऊन शिकवलंही नव्हतं. पण गेल्या आठवड्यात दुकानाची पाटी वाच म्हटलं, तर तिला एकाएकी तहान लागली होती.

"लेकीचं वाचन तुम्ही ऐकायचं नाही," गणिताचे सर म्हणाले. "नियम तुमचाच, बाई."

मी दाराशी उभी राहिले. सरांनी चार ओळींचं कार्ड तिच्यापुढे धरलं. वर होडीचं चित्र होतं. भिंगरीने ते पाहिलं आणि खणखणीत सुरू झाली. पण कार्डावर ते नव्हतंच! तो पुस्तकातला होडीचा धडा होता, माझ्या आवाजात, माझ्या थांब्यांसकट. जिथे मी खाकरते तिथे तीही खाकरली. रोज संध्याकाळी भाजी चिरताना मी उद्याचा धडा मोठ्याने वाचते. घरात ऐकायला दुसरं होतं कोण?

सरांनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. "हा कोणता?"

तिने सरांच्या बोटाकडे पाहिलं, मग दाराकडे, माझ्याकडे. एवढे दिवस नाकाने कांदे सोलत होते मी.

"काय लिहू, बाई?" सर हळूच म्हणाले. "घाबरली असेल. उद्या पुन्हा घेऊ?"

हो, अगदी जिभेवर आलं होतं. पण उद्यापर्यंत ती हे कार्डही कोणाकडून तरी ऐकून पाठ करेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. लाज वाटली, रागही आला, कोणाचा ते कळेना.

"अक्षरगट लिहा."

अक्षरगट माझ्याकडेच होता. भिंगरी दप्तर घेऊन लहानग्यांत येऊन बसली. तिचे गुडघे बाकाला अडत होते. आता रडेल म्हणून मी रुमाल काढून ठेवला. शाळेत ती मला बाई म्हणते. आज विसरली.

"आई, म्हणजे आता तू मलाही शिकवणार?"