गरकन फिरवा आणि सोडून द्या

मित्रांनो, पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरकाकांच्या दुकानात भिंतीवर जे गोल घड्याळ आहे ना, त्याच्या पोटात मी राहते. मी जुनी विजेची मोटर आहे. माझी खोड आधीच सांगून टाकते: वीज आली तरी मी आपणहून चालू होत नाही. घड्याळाच्या खालून डोकावणारी चकती कुणीतरी बोटांनी गरकन फिरवावी लागते.

हा आळस नाही हं! माझ्यात तारेचं वेटोळं आहे आणि दाते असलेलं लोखंडी चाक. वीज आली की वेटोळ्याचं चुंबक होतं. पण ही वीज सारखी दिशा बदलते, त्यामुळे चुंबकाची ओढ सेकंदाला शंभर वेळा येते आणि जाते. माझं थांबलेलं चाक जागचं हलेपर्यंत ती ओढ संपलेली असते. मग मी नुसती थरथरते आणि गुणगुणते. एकदा गती मिळाली, की मात्र प्रत्येक ओढीला पुढचा दाता हजर! मग मी मुळीच चुकत नाही. फक्त उजवं-डावं मला कळत नाही. उलटं फिरवलं, तर मी खुशाल उलटी धावते.

काकांनी मला भंगारातून उचलून आणलं आणि स्वतः पुसून-घासून चालू केलं. खळ लावलेली पुस्तकं दाबाखाली ठेवली, की ते माझ्याकडे बघत. "बाई वेळेची पक्की आहे," असं गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत.

पुढे काकांना आजार जडला. हात कापू लागले. चालायला निघाले, की पाय जमिनीला चिकटत आणि जागच्या जागी थरथरत. काकू कोपराला हलकेच हात लावून "चला" म्हणत, की पाऊल उचललं जाई आणि पुढे ते आपले आपण चालत. अशात एकदा वीज गेली, मी थांबले आणि या सगळ्यात मला पुन्हा फिरवायचं राहूनच गेलं. मी धूळ खात पडले.

एक दिवस त्यांची लेक नवं घड्याळ घेऊन आली. "बाबा, हे आपोआप चालू होतं. जुनं देऊन टाकू या."



काका म्हणाले, "आपोआप चालू होत नाही म्हणून टाकायचं? मग आधी मला टाक."

"असं काय बोलता बाबा!" लेकीचा चेहरा उतरला.

काकूंनी काकांच्या कोपराला हात लावला. काका उठले, हळूहळू माझ्यापर्यंत आले आणि कापऱ्या बोटांनी त्यांनी चकती फिरवली. मी निघाले, पण उलटी! सेकंदकाटा मागे पळू लागला. लेकीला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. "थांबा, मीच लावते," ती पुढे झाली.

"तू नुसती थांबव तिला," काकू म्हणाल्या. "फिरवतील तेच."

दुसऱ्यांदा मी सुलट धावले. "जमलं की हो!" काकू म्हणाल्या. नवं घड्याळ लेक आपल्या घरी घेऊन गेली.

मित्रांनो, कुणी जागच्या जागी थरथरत उभं दिसलं, तर त्याला आळशी म्हणू नका. हलकेच हात लावा आणि लगेच काढूनही घ्या. चकती धरून ठेवली, तर मला चालताच येत नाही. पुढचं आमचं आम्ही बघतो.