पाण्याच्या टाकीमागचे पर्यटक

टक्केसाहेबांनी नकाशा आणखी मोठा केला, आणि देशात आलेले परदेशी पर्यटक पाण्याच्या टाकीमागच्या गल्ल्यांत झोपलेले दिसले.

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. ठिपके तिथेच होते. त्या गल्ल्यांत एकही हॉटेल नव्हतं. औषधांची दोन दुकानं, एक लाँड्री, बंद पडलेलं एक वाचनालय आणि बाकी घरं. हे नकाशावर कुठे लिहिलेलं नव्हतं, पण टक्केसाहेब स्वतःच तिथे राहत होते.

पर्यटन खात्यात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. सीमा बंद झाल्या, विमानं उतरायची थांबली, त्यानंतर ‘आपण किती टक्के सावरलो’ हे दर महिन्याला सांगायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं आणि नावही तेच पडलं. सावरणं मोजायची रीत सोपी होती. परदेशी सिमकार्ड असलेला फोन रात्री देशात झोपला, की एका पर्यटकाचा एका रात्रीचा मुक्काम धरायचा. फोन कुणाचा ते कळत नसे. मोबाइल कंपनी प्रत्येक फोनामागे नुसता एक सांकेतिक क्रमांक पाठवायची. बंदीच्या आधीच्या वर्षाला शंभर धरायचं आणि त्याच्या शेजारी आजचा आकडा मांडायचा. या महिन्यात तो एकशे एक निघाला होता.

संचालकबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या कुणाच्याच खोलीत बसत नसत. बसलं की कामं चिकटतात, असं त्यांचं म्हणणं.

“टक्के, शुक्रवारी पत्रकारांना बोलावलंय. एकशे एक पक्के ना?”

“मॅडम, हॉटेलवाल्यांच्या आकड्यांशी जुळत नाही. त्यांच्या खोल्या अजून रिकाम्या आहेत.”

“हॉटेलवाले रडणारच. खोली भरलेली दाखवली की कर भरावा लागतो.”

“आणि हे लोक किनाऱ्याकडे फिरकत नाहीत. महिनोन् महिने एकाच गल्लीत असतात. फार तर दवाखाना, नाहीतर बँक.”

“म्हणजे दीर्घ मुक्काम!” बाईंचा चेहरा उजळला. “घरून काम करणारे, लॅपटॉपवाले. अहो, अशा लोकांसाठी बाकीचे देश जाहिराती करतात. आपल्याकडे ते न बोलावता आलेत.”

लॅपटॉपवाल्यांना एवढा दवाखाना कशाला लागतो, असं टक्केसाहेबांच्या ओठांवर आलं होतं. पण दिवस संपत आला होता आणि बाई निघूनही गेल्या होत्या. गेली काही वर्षं त्यांचं असंच होई. प्रश्न पडायचा, पण तो विचारण्याइतकी ताकद उरलेली नसायची.

घरी जाताना ते ताईच्या लॉजवर थांबले. ताई त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर दहा खोल्यांचं ते लॉज तिने एकटीने चालवलं होतं. ती टेबलामागे टॉवेलांच्या घड्या घालत होती. मागच्या फळीवर आठ किल्ल्या लटकत होत्या.

“ये. आज दोन खोल्या लागल्यात,” ती म्हणाली. “एकीत औषध कंपनीचा माणूस आहे. दुसरीत नळ दुरुस्त करणारा. तो पैसे देत नाही, घेऊन जातो.”

टक्केसाहेब हसले. ताईने घडी दाबून बसवली.

“शुक्रवारी शंभर जाहीर करणार म्हणे तुम्ही.”

“तुला कुणी सांगितलं?”

“गावाला ठाऊक आहे.”

गावाला ठाऊक असणारच. सरकार हॉटेलांमधल्या नोकरांचा अर्धा पगार भरत होतं, ते शंभर गाठेपर्यंतच. बरं झालेल्या माणसाला औषध कशाला, असा त्यातला हिशोब, आणि एरवी टक्केसाहेबांनाही तो पटत असे.

“तू खोटं सांगणार नाहीस, हे मला माहीत आहे,” ताई म्हणाली. “म्हणून तर विचारते. कुठे आहेत रे हे लोक? आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही, ते समजू शकते मी. पण तू म्हणतोस आड काठोकाठ भरलाय. मग माझा पोहरा कोरडा कसा?”

“बघतो मी.”

“बघ. मदत थांबली की स्वयंपाकवाल्या बाई आणि खोल्या आवरणारा, दोघांना नाही म्हणावं लागेल. मग एकटीने दहा खोल्या काय करायच्या? कुलूप लावीन.” तिने पुढचा टॉवेल घेतला. “जेवून जातोस?”

ते जेवले नाहीत. त्यांना लाज वाटत होती. चूक कुठे आहे ते कळत नव्हतं, पण आपल्याच हाताने ताईच्या दाराला कुलूप लागणार, एवढं कळत होतं.

घरात ते आणि आई, दोघंच. आई नेहमीसारखी खिडकीजवळच्या खुर्चीत फोन घेऊन बसली होती. सीमा उघडल्यावर दादा पहिल्यांदा परदेशातून आला, तेव्हा त्याने दिलेला फोन. सगळ्या कुटुंबाचं बिल तिकडे एकत्र येतं, म्हणून सिमकार्डही तिकडचंच. त्यात एक नकाशा होता आणि नकाशावर दादा, वहिनी, नातवंडं, सगळ्यांचे चेहरे गोलात दिसत. नातू शाळेत पोचला की आईला इथे बसून कळे. दिवसभर ठिपके पाहून आलेल्या टक्केसाहेबांना त्या नकाशाचं काडीचंही कौतुक नव्हतं.

त्यांनी चहा ठेवला. फोन किणकिणला.

“तुमच्या खात्याचा मेसेज आलाय,” आई म्हणाली.

“माझ्या खात्याचा?”

“दर महिन्याला येतो की. थांब, वाचते. ‘आपले मनःपूर्वक स्वागत आहे. आमचे सोनेरी किनारे आपली वाट पाहत आहेत.’ किती अगत्य! घरात एवढं कुणी विचारत नाही मला.”

चहा उतू गेला. टक्केसाहेबांनी गॅस बंद केला आणि ते तसेच उभे राहिले. तो मजकूर प्रसिद्धी विभागाचा होता आणि तो फक्त परदेशी सिमकार्डांना जात असे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही सरकारी खर्चाने.

“आई, शेजारच्या काकूंचा फोन कुणी दिलाय?”

“लेकीने. तिकडचाच आहे. लाँड्रीवरच्या आजोबांनाही मुलाने दिलाय. इथे सगळ्यांचे तसेच. काकूंनी मला हाक मारायची म्हणून फोन केला, तर तो सातासमुद्रापार जाऊन इथे येतो म्हणे. त्यापेक्षा भिंतीवर थाप मारली तर लवकर कळतं.”

“आई, तू पर्यटक आहेस.”

“कोण?”

त्यांनी समजावून सांगितलं. आई आधी नीट ऐकत होती, मग हसू लागली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

“अगं बाई! मग मला कुणी काही दाखवलं कसं नाही? मार्चात म्हटलं होतं तुला, एकदा किनाऱ्यावर घेऊन चल. तिमाही अहवाल आहे म्हणालास.”

“होता.”

“असेल. राहिलं ते राहिलं. चहा दे, असेल तेवढा.”

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी कचेरीत पोचले. एका फोनाच्या मागे लागायचं नाही, गर्दी मोजायची, हा खात्याचा नियम होता आणि तो टक्केसाहेबांनीच लिहिला होता. आज त्यांनी टाकीमागचे फोन एकेक करून उघडले. प्रत्येक फोन देशात आला कधी, कुणाबरोबर आला, हे मागे जाऊन पाहिलं.

प्रत्येक ठिपका येताना जोडीने आला होता. विमानतळावर दोन फोन एकदम जागे होत, दोन्ही टाकीमागे जात, तिथे आठ-दहा रात्री शेजारी शेजारी झोपत. मग एक विमानतळाकडे निघून जाई आणि दुसरा तिथेच राही. बंदीच्या आधी या गल्ल्यांत सुट्टीच्या दिवसांत पाहुण्यांची झुंबड उडायची, ते आकडे टक्केसाहेबांपाशी होते. आता ती झुंबड नव्हती. मुलं फोन ठेवून गेली होती, आणि बहुतेक सगळी परत आली नव्हती.

आपल्या घरचा ठिपका त्यांना लगेच सापडला. हा पर्यटक एक रात्र डोळ्यांच्या दवाखान्यात झोपला होता. त्या रात्री त्याच्या खाटेशेजारी स्टुलावर टक्केसाहेबच बसले होते.

काम इथे संपत होतं. पुढचं काम नव्हतं, तरी त्यांनी जोडीचा क्रमांक उचलला आणि शोधाच्या चौकटीत घातला. दादाचा फोन आठ रात्री राहून गेलेला दिसला. त्याखाली आणखी एक ओळ होती. तो फोन यंदा मार्चात पुन्हा आला होता. तीन रात्री. मुक्काम किनाऱ्यावरचं मोठं हॉटेल.

त्यांनी क्रमांक पुन्हा घालून पाहिला. आकडे चुकतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. हा चुकला नव्हता. त्या हॉटेलपासून घरापर्यंत थेट बस होती.

दादा त्यांना आवडायचा. लहानपणी सायकल त्यानेच शिकवली होती, मागून धरून धावत. टक्केसाहेबांना राग यायला हवा होता, पण आधी थकवाच आला. त्यांनी ती खिडकी बंद केली आणि नवा नियम लिहिला: वर्षभरात एकदाही देशाबाहेर न गेलेला फोन पाहुणा धरू नये. मग आकडेमोड पुन्हा चालवली. एकशे एकाचे अठ्ठ्याहत्तर झाले.

“तेवीस टक्के?” संचालकबाईंनी दारातूनच विचारलं. “तेवीस टक्के लॅपटॉपवाले खोटे?”

“लॅपटॉपवाले नाहीतच, मॅडम. ती इथलीच म्हातारी माणसं आहेत. फोन मुलांनी दिलेत.”

“सिद्ध कसं करणार?”

“माझी आई आहे त्यात.”

बाई आत आल्या, खुर्ची ओढली आणि बसल्या.

“माझ्याही आईकडे आहे तसा फोन,” त्या म्हणाल्या. “धाकट्या बहिणीने दिलाय. मला बरंच वाटलं होतं, चौकशीचा भार वाटून गेला म्हणून.” त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला. “अठ्ठ्याहत्तर सांगू. मंत्र्यांना मी तोंड देते.”

दुपारी टक्केसाहेबांनी ताईला फोन लावला.

“किती?”

“अठ्ठ्याहत्तर.”

पलीकडे श्वास सोडल्याचा आवाज आला. “म्हणजे पगार चालू राहणार.”

“सध्या तरी.”

“लोक येत नाहीत म्हणून इतकं खूश झालेलं कुणी पाहिलंयस का रे?” ताई हसली. “आईला सांग, रविवारी येते.”

दादाबद्दल टक्केसाहेब तिला काही बोलले नाहीत. आईलाही सांगायचं नाही, हे घरी जाताना बसमध्ये ठरलं. नवा नियम लावल्यावर त्यांच्या घरातून एकच पर्यटक यादीत उरत होता. तीन रात्री, किनाऱ्यावर. सर्व व्याख्यांत बसणारा.

संध्याकाळी आईला त्यांनी लॉजचं सांगितलं. तिने हात जोडले. मग मांडीवरचा फोन उचलला.

“दादाला मोजलंस का रे?”

“दादाला कशाला?” त्यांनी पटकन विचारलं. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

“मार्चात आला होता ना तो. तीन रात्री.”

टक्केसाहेब समोरच्या खुर्चीत बसले. आईने फोन त्यांच्यापुढे धरला. नकाशावर दूर, दुसऱ्या खंडात, दादाचा गोल चेहरा हसत होता.

“हा दिसतो ना इथे. तेव्हा इकडे होता, समुद्राला अगदी लागून. आधी वाटलं, फोनच बिघडला.”

“तू बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? कामासाठी आला असेल. वेळ नसेल.” तिने काच पदराने पुसली. “तो सांगेल म्हणून फोन हातात धरून बसले होते. चौथ्या दिवशी विमानतळावर दिसला. मग दिसेनासा झाला.”

टक्केसाहेबांना मार्चातला तिमाही अहवाल आठवला. त्याचं मुखपृष्ठही आठवलं, निळं, त्यावर किनाऱ्याचा फोटो होता.

“मग, मोजलंस त्याला?”

“मोजलं. तीन रात्री.”

“आणि मला?”

“तुला काढलं, आई.”

“बरोबर केलंस,” आई म्हणाली. “तो आला होता. मी काय, इथलीच.”

बाहेर काकूंनी भिंतीवर थाप मारली. आईनेही उलट थाप दिली, म्हणजे मी ठीक आहे.

“उद्या सुट्टी घेतो,” टक्केसाहेब म्हणाले. “किनाऱ्यावर जाऊया.”

“आता कशाला?” आई म्हणाली, आणि उठून तिने फोन चार्जिंगला लावला.