दोन खुंटांमधली वाट

चौथा खुंट ठोकून झाल्यावर कास्वेराने हातातला दगड बाजूला टाकला, गुडघ्यांवर बसली आणि मेणबत्ती पेटवून गवताच्या मुळाशी धरली. ज्योत सरळ उभी राहिली. तिने मनात शंभरपर्यंत अंक मोजले, मेणबत्ती फुंकली आणि वहीत चौथ्या कोपऱ्यापुढे बरोबरची खूण केली.

उजाडले होते, पण ऊन अजून डोंगराआडच होते. वारा नव्हता. खाली किवू सरोवर पाटीसारखे सपाट पडले होते.

मसीसीकडे लढाई पेटल्यापासून दहा दिवसांत अकराशे चार माणसे या गावात येऊन पोचली होती. कास्वेरा ज्या शाळेत गणित शिकवायची, तिच्या वर्गांत ही माणसे दाटीवाटीने झोपत होती. मुलांची शेवटची परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. म्हणून गावाने शाळेमागचे हे माळरान निवाऱ्यांसाठी दिले आणि निवारा समितीच्या पालुकुने हिशेब तिच्या गळ्यात घातला. पालुकु मूळचा गवंडी. भिंत ओळंब्यात धरावी तशी माणसेही सरळ उभी करता येतात, अशी त्याची समजूत होती.

वर्गात शिकवायची तसाच तिने तो प्रश्न मांडला होता. आधी काय हवे ते लिहायचे, मग काय मोडता येणार नाही ते. मोठ्या निवाऱ्यात आठ माणसे मावतात, लहानात पाच. जास्तीत जास्त माणसे मावायला हवीत. मोठ्याला चाळीस चौरस मीटर जागा लागते, लहानाला तीस. माळ सहा हजारांचा. मोठ्याला सहा वासे, लहानाला तीन. वासे सातशे ऐंशी. आलेखाच्या कागदावर या अटींच्या रेघा ओढल्या की एक चौकोन उरतो आणि सर्वांत चांगले उत्तर त्याच्या एखाद्या कोपऱ्यात सापडते. ते सापडले होते. नव्वद मोठे, ऐंशी लहान. अकराशे वीस माणसांची सोय. आलेली सगळी मावून सोळा जागा उरत होत्या.

राहिली होती ती जमिनीची परीक्षा. या भागात जमिनीतून जड हवा वर येते आणि सखल जागी साचून राहते. लोक तिला माझुकु म्हणतात. कास्वेरा उत्तरेकडच्या बुतेम्बोची. तिने नाव ऐकले होते, पाहिले काही नव्हते. मेणबत्तीची युक्ती शाळेच्या स्वयंपाकिणीने सांगितली होती. चारही कोपऱ्यांत ज्योत टिकली तेव्हा तिला हायसे वाटले.

वही मिटताना तिला ती म्हातारी दिसली. वुमिलिया तिचे नाव. निर्वासितांबरोबर दोन शेळ्या घेऊन आलेली, कोणाशी फारशी न बोलणारी. ती पहिल्या खुंटापाशी माळावर आली आणि समोरच्या तिसऱ्या खुंटाकडे निघाली. थोडे सरळ चालली, मग डावीकडे वळली, मोठा वळसा घेतला आणि पुन्हा त्याच रेघेवर येऊन पोचली. शेळ्यांना दावे नव्हते. त्या तिच्या पुढे चालत होत्या आणि त्यांनीही तोच वळसा घेतला.

"आजी, सरळ का नाही आलात?" कास्वेराने विचारले. "मधे तर काहीच नाही."

"तिथं झोपलेत," वुमिलिया म्हणाली.

"कोण झोपलंय?"

म्हातारीने शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. "हळू बोल पोरी. हाका मारून काही उपयोग नसतो." आणि ती उतारावरून पाण्याकडे गेली.

कास्वेरा जागीच उभी राहिली. दर वर्षी ती फळ्यावर दोन आकृत्या काढायची, एक बटाट्यासारखी, एक चंद्रकोरीसारखी. बटाट्यात कुठलेही दोन बिंदू घ्या, त्यांना जोडणारी रेघ आतच राहते. असा संच बहिर्वक्र. चंद्रकोरीची दोन टोके जोडा, रेघ बाहेर पडते. मुले नेमके तेच विसरायची. टोके तपासायची आणि मधले गृहीत धरायची. दर वर्षी तिने त्याचे गुण कापले होते.

तिने पुन्हा मेणबत्ती पेटवली, ती गुडघ्याच्या उंचीवर धरली आणि पहिल्या खुंटाकडून तिसऱ्याकडे सरळ चालू लागली. जमीन खोलगट होत असल्याचे डोळ्यांना कळत नव्हते, पायांना कळत होते. गवत इथे जास्त हिरवे होते. किडे वाजायचे थांबले होते. अठ्ठेचाळिसाव्या पावलाला ज्योत गेली. फडफडली नाही, धूरही वर चढला नाही. कोणी दोन बोटांनी चिमटीत धरावी तशी गेली.

तिने ती छातीपाशी पेटवली. छान जळाली. हळूहळू खाली आणली. गुडघ्यापाशी गेली. पुन्हा पेटवली, पुन्हा तिथेच गेली. उभ्या माणसाला इथे काहीच कळले नसते. निजलेल्याला कळायला वेळच मिळाला नसता.

दुपारी तिने पालुकुला आणले. त्याने तिच्या हातातली मेणबत्ती घेतली आणि तिने दाखवलेल्या जागी फतकल मारून बसला. ऊन कडक होते, सरोवरावरून वारा सुटला होता. ज्योत थरथरत होती, पण जळत होती.

"हे बघा, म्वालिमु," तो म्हणाला. इथे शिक्षिकेला अशीच हाक मारत.

"सकाळी गेली होती."

"सकाळी तुमचा हात थरथरला असेल. रात्र रात्र जागता, जेवायची शुद्ध नाही." तो उठून पार्श्वभाग झटकू लागला. "त्या म्हातारीचं मनावर घेऊ नका. घाबरलेल्या माणसाला चहाच्या वाटीतसुद्धा भूत दिसतं. उद्यापासून वासे पुरायचे आहेत, कागदावर सही करा."

"उद्या उजाडताना या. मग करते सही."

"आणि नाही विझली तर?"

"तर तुमच्यासमोर माझ्या चुकीवर लाल रेघ मारीन."

त्याला ते आवडले. तो आला, घोंगडी पांघरून, जांभया देत. माळ अगदी निश्चल होता. अठ्ठेचाळिसाव्या पावलाला ज्योत गेली. पालुकुने स्वतःची काडी ओढली. ती खाली नेताच विझली. दुसरी ओढली. मग हसून म्हणाला, "बघू तरी वास येतो का," आणि ओणवा होऊन त्याने तोंड गवतात घातले.

तो तसाच राहिला. कास्वेराला वाटले, थट्टा करतोय. मग त्याचा कोपर मुडपला. तिने त्याच्या घोंगडीसकट मानगूट धरली आणि सगळा जीव एकवटून मागे ओढले. दोघेही उताराच्या वर जाऊन पडले. पालुकु बराच वेळ तोंड उघडे टाकून श्वास घेत होता. त्याचे डोळे तिच्याकडे होते, पण तो तिला पाहत नव्हता.

"कसलाच वास नव्हता," शेवटी तो म्हणाला. "नुसतं, उठावंसं वाटेना."

त्याच सकाळी, वारा सुटायच्या आत, दोघांनी मिळून त्या जागेची कड शोधली. ज्योत जिथे जाईल तिथे खूण करत ते फिरले. नवव्या की दहाव्या खुणेला पालुकुच्या पायाला गवतात दगड लागला. काळा, हाताएवढा, अर्धा मातीत रुतलेला. चार पावलांवर दुसरा. मग त्यांना मेणबत्तीची गरज उरली नाही. दगडांची ओळ गवताखालून कडेकडेने पुढे जात होती. कोणीतरी, पुष्कळ वर्षांपूर्वी, अगदी हीच कड शोधून ठेवली होती.

"कोणी लावले असतील?" पालुकुने विचारले. कास्वेरा पुढच्या दगडाकडे निघाली.

आतली जागा हजार चौरस मीटर भरली. कास्वेरा रात्री कागदासमोर बसली. उरलेल्या पाच हजारांत आता एकच कोपरा चांगला होता. एकशे पंचवीस मोठे निवारे, लहान एकही नाही. हजार माणसे. तिने तीनदा करून पाहिले. एकशे चार माणसे आलेखाच्या बाहेर उभी होती.

"त्यांना काय सांगू?" सकाळी पालुकुने विचारले. त्याचा आवाज अजून बसलेलाच होता. "दुसरी जमीन गाव देणार नाही."

"शेवटच्या वर्षाचे तीन वर्ग देऊ. ते तिथेच राहतील."

"आणि तुमची परीक्षेची मुलं?"

"व्हरांड्यात बसतील. नाहीतर झाडाखाली." ती नकाशावरून हात फिरवत राहिली. "तिथं नापास झाली तर पुढच्या वर्षी पुन्हा बसतील."

निवारे उभे राहिले तशी ती शाळेच्या दारात टेबल टाकून नावे लिहू लागली. लहान कुटुंबे दोन-दोन जोडून आठांचा आकडा जमवायचा होता. भांडणे झाली, समेट झाले, एका बाईने नणंदेशेजारी राहायला साफ नकार दिला. दुपार कलल्यावर वुमिलियाचा नंबर आला. शेळ्या तिच्या मागे थांबल्या.

"मला ती शेवटची जागा दे," म्हातारी म्हणाली. "दगडांपाशी. दार त्या बाजूला कर."

"आजी, तिथं कोणीच राहायला मागत नाही."

"म्हणूनच मागते."

"किती जण?"

"सात."

पालुकुने आपल्या यादीवर बोट ठेवले. "तुम्ही एकट्याच आलात, आजी. मीच नोंदवलंय."

वुमिलियाने त्याच्याकडे पाहिलेच नाही. ती कास्वेराला एकेक माणूस सांगू लागली, सावकाश, लिहायला वेळ देत. नवरा. सासू. दीर. मोठी मुलगी, अकरा वर्षांची. मुलगा, सात. धाकटी, दोन.

"मागच्या लढाईत आम्ही इथंच उतरलो होतो," ती म्हणाली. "तेव्हा तुमची शाळा नव्हती. मी पहाटे पाण्याला गेले होते. परत आले तर सगळे निजलेले. पोरीचा अंगठा तोंडात."

कास्वेराने मनात हिशेब मांडला. मोठा निवारा एकटीला दिला तर सात माणसे आणखी वर्गात जायची. तीन वर्गांत एकशे अकरा. कागदावर हे कुठल्याच कोपऱ्यात बसत नव्हते. पालुकुने यादीवरचे बोट उचलले. तो मान वळवून सरोवराकडे पाहू लागला.

"बाकीचे सहा कधी येणार म्हणून लिहू?" कास्वेराने विचारले. आपण असे का विचारले ते तिला स्वतःलाही कळले नाही.

"यायचं कुठून?" वुमिलिया म्हणाली. "ते इथून गेलेच नाहीत."

कास्वेराने नावापुढच्या रकान्यात सात लिहिले आणि पुढच्या माणसाला बोलावले.