नाव मागच्या बाजूला

कॉफीच्या पेल्याखाली ठेवायच्या वाटीच्या, डबऱ्याच्या, आतल्या कडेला एक पिवळा डाग होता – नखाएवढा, वाळून घट्ट बसलेला. सांबाराचा असणार, असं म्हणत पवित्राने तो काथ्याने घासला, पुन्हा घासला, आणि कॉफीच्या डबऱ्यात सांबार कुणी कशाला ओतेल हा प्रश्न तिला पडलाच नाही. कारण डोकं सकाळपासून एकाच जागी अडकलेलं – आज शाळेत जायचं, दोरीवर टांगलेल्या चित्रांतून आपल्या मुलीचं चित्र ओळखून काढायचं, आणि ते ओळखता आलं नाही तर...

चित्रकलेच्या महालिंग सरांची ही कल्पना. सातवीतल्या प्रत्येक मुलाने स्वतःचं चित्र काढायचं, पण जनावराच्या रूपात. आपण जनावर असतो तर कोणतं असतो, ते. रंग फक्त तीन, ते ज्याचे त्याने निवडायचे. नाव मागच्या बाजूला लिहायचं, घरी कुणाला काही सांगायचं नाही, आणि प्रदर्शनाच्या दिवशी आईबापांनी येऊन आपलं मूल हुडकायचं. गंमत म्हणून, असं शाळेच्या निरोपात लिहिलं होतं. गंमत! सरांना मूलबाळ नसावं, असं पवित्राला तो निरोप वाचल्या क्षणीच वाटलं होतं.

तसं पाहिलं तर ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. महामहम तळ्याजवळच्या एका रुग्णालयात ती औषधं देण्याचं काम करायची, आणि डॉक्टरांनी मुंगी शाईत बुडवून कागदावर सोडून दिली तरी पवित्रा त्यातून औषधाचं नाव, मात्रा, जेवणाआधी की नंतर, सगळं वाचून काढायची. बाकीच्या जणी अडल्या की चिठ्ठी तिच्यापुढे सरकवत. तिला त्याचा जरासा ताठाही होता. पण चिठ्ठी बोलत नसली तरी निदान समोर असते... लेक, कीर्ती, समोर असूनही –

"काय जनावर काढिलेंस, मज तरी सांग की," पवित्रा तिची वेणी घालता घालता म्हणाली.

"सोल्ल माट्टेन, अम्मा. सार तिट्टुवार." नाही सांगणार, सर रागावतील. मान न वळवता, तमिळमध्ये.

हेच ते. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर तमिळ, ही या घराची रीत कुणी घातली कोण जाणे. तंजावरच्या राजांबरोबर जे कुणी पूर्वज आले त्यांनीच घातली असणार, आणि पिढ्यान् पिढ्या चपला बाहेर काढाव्यात तशी सगळी मंडळी तमिळ दाराबाहेर काढून आत येत राहिली. कीर्तीने ती आत आणली. एकदम नाही – आधी एखादा शब्द, मग वाक्य, मग ‘आई’ची ‘अम्मा’. तिचा बाप, जयकुमार, कोइम्बतूरला गेला त्यानंतरची गोष्ट. बदली म्हणून गेला. सुरुवातीला शनिवारी यायचा, मग सणाला, मग दिवाळीलाही नाही. तिकडे त्याने राहायला घर घेतलं हे पवित्राला कीर्तीकडून कळलं, आणि त्यात एकच पलंग आहे की दोन हे विचारावंसं वाटून तिने विचारलं नाही. भांडण झालं नव्हतं. भांडण तरी व्हायला हवं होतं. आता रविवारी त्याचा फोन येतो, कीर्ती आतल्या खोलीत जाऊन दार लोटते, आणि दाराच्या फटीतून मराठी ऐकू येतं – "अप्पा, तुम्हीं कधीं याल ते सांगा की" – आणि हसू. मोकळं, खिदळणारं. मग दार उघडतं, आणि बाहेर येते ती पुन्हा ही गप्प, जपून पावलं टाकणारी मुलगी.

पोर दुःखी आहे. पवित्राने हे स्वतःशी ठरवून टाकलं होतं. दुःखी आहे, बापासाठी झुरते आहे, आणि ते दुःख माझ्याशी बोलायचं नाही म्हणून माझी भाषा टाकली आहे. म्हणजे चित्रातही तेच असणार... एवढं तर मी ओळखेनच. मी नाही ओळखणार तर कोण?

न्हाऊन खोलीत आली तर पलंगावर साडी काढून ठेवलेली. तिरुभुवनमची रेशमी – हळदी अंगाची, लाखी काठांची, अंगभर पोपटी बुट्टे. कपाटात अगदी तळाशी होती ती. दाराशी कीर्ती उभी होती, हात मागे बांधून, आणि आईच्या तोंडाकडे नुसती बघत होती.

"ही कशास काढलीस?"

"कट्टिक्को," कीर्ती म्हणाली. नेस.

म्हणजे हिला माझी लाज वाटते. इतर मुलींच्या आया नटूनथटून येणार आणि आपली आई ही अशी, राखेच्या रंगाची – हे हिला नको आहे. कुणी पवित्राला रंग सोडायला सांगितलं नव्हतं. नवरा जिवंत होता, मंगळसूत्र गळ्यात होतं, शेजारणी चौकशी करत तीही आडून आडून. एक साडी मागे सारली, मग दुसरी, आणि कधीतरी पाहिलं तर दांडीवर सगळं राखाडी, भुरं, विटकं उरलेलं... "शाळेंत रेशीम कोण नेसतें गं," ती म्हणाली, घडी मोडू न देता साडी परत तळाशी सारली आणि राखी रंगाची सुती नेसली. कीर्ती दप्तर घ्यायला वळली. काही बोलली असती तर बरं झालं असतं असं पवित्राला स्कूटर चालू करताना वाटलं. मागे बसलेल्या मुलीचे हात कमरेला नव्हते; ती गाडीचीच दांडी धरून बसली होती.

शाळेच्या दिवाणखान्याएवढ्या वर्गात दोऱ्या बांधल्या होत्या आणि कपडे वाळत घालावेत तशी चित्रं चिमट्यांनी टांगलेली. मुलं भिंतीला पाठ लावून रांगेत. महालिंग सरांनी तोंडावर बोट ठेवून त्यांना दटावलं – खुणा करायच्या नाहीत, हसायचं नाही. आईबापांनी चित्र काढून टेबलापाशी आणायचं, मग सर मागचं नाव वाचणार, आणि ते मूल येऊन उभं राहणार.

पवित्रा चालू लागली. सिंहच सिंह – मुलगे सगळे सिंह, आणि उरलेले हत्ती. मोर दोन-तीन. एक मांजर, झोपलेलं. एक करडू भिंतीवर चढलेलं, मागचे पाय हवेत, भिंतीवरचा सिनेमाचा कागद ओढून खात होतं आणि खाता खाता बघणाऱ्याकडे तिरका डोळा करत होतं. रंग असे भडक की बाजूचे सिंह फिके पडावेत. पवित्राला हसू आलं. ज्या माउलीचं हे कार्टं, तिच्या घरी एक वस्तू जागेवर राहत नसेल – पण सुखी असेल बिचारी, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं आणि ती पुढे सरकली.

आणि मग ते.

भाताचं खाचर, पाणी, आणि पाण्यात एक भुरा बगळा. एकटा. मान खांद्यांत ओढून घेतलेली, पाठीला पोक, पिसं चिखलाच्या रंगाची – चिखल कुठे संपतो आणि बगळा कुठे सुरू होतो तेही धड कळू नये. तीन रंग म्हणजे राखाडी, मातकट आणि पाण्याचा तो नाव नसलेला. हीच. ही मान... ही अशीच तर बसते, नव्हे, असंच तर वाटतं, संध्याकाळी दिवा न लावता स्वैपाकघराच्या पायरीवर बसलं की, घरात कुणी आहे आणि नाही... मी ओळखते. डोळे मिटून ओळखेन. माझीच ही. तिला आनंदही झाला, लपवता येण्यासारखा नव्हताच तो – सापडलीस, बये, सापडलीस मला. तिने चिमटा काढला, चित्र छातीशी धरलं आणि मागची बाजू न बघताच टेबलापाशी नेलं.

महालिंग सरांनी चित्र उलटं केलं.

"अलमेलू!"

रांगेतून एक काळीसावळी, हाडकुळी मुलगी निघाली, निघाली कसली, धावलीच, आणि येऊन पवित्राला इतकी खेटून उभी राहिली की तिच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा वास आला. सर जरा गोंधळले. मग खालच्या आवाजात म्हणाले – ही चोळपुरमहून बसने येते, घरचं कुणी आलेलं नाही, भाताची लावणी चालू आहे ना. तुम्ही घेतलंत, बरं झालं. अलमेलूने सरांचं काही ऐकलं नव्हतं. तिने पवित्राचा हात धरला होता आणि तोंड भरून हसत होती, आणि चूक झाली हे वाक्य जिभेवर असूनही त्या हसण्याकडे बघत ते उच्चारण्याची पवित्राची छाती झाली नाही.

"इतकी उदास कां काढलीस गं?" तिने तमिळमध्ये विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"उदास?" मुलीला नवल वाटलं. "बगळी मासा बघतेय, आंटी. हालली तर मासा पळेल. बसलेली असली की अशीच दिसते, चिखलासारखी. उडाली की बघा – पंख आतून सगळे पांढरे. आमच्या शेतात या, दाखवते."

पांढरे. पवित्राला आठवलं, हो, असतात. लहानपणी आईबरोबर इन्नंबूरला जाताना बसच्या खिडकीतून पाहिलेले; बांधावर काहीच नसायचं आणि बस जवळ आली की त्या काहीच-नसण्यातून एकदम पांढरं काही फडफडत उठायचं. मग हे चित्र... ही मान, हे पोक, यात जे दिसलं ते या मुलीने काढलेलं नव्हतं. कीर्तीचंही नव्हतं. ते मी घरून घेऊन आले होते.

तिने मान वर केली. भिंतीपाशी कीर्ती उभी होती, हात मागे बांधून, सकाळी दाराशी होती तशीच. मघापासून बघत होती. आणि तिच्या अलीकडे, दोरीवर, आता बरीच चित्रं निघून गेल्यामुळे मोकळं पडलेलं ते करडू – लांबून त्याचे पाय दिसत नव्हते, डोळा दिसत नव्हता, नुसते रंग दिसत होते. हळदी अंग. लाखी शिंगं. अंगभर पोपटी ठिपके.

डबऱ्यातला डाग. ब्रश धुतला होता कीर्तीने त्यात... आणि पलंगावरची साडी. सांगायचं नाही असा नियम होता, म्हणून तिने सांगितलं नव्हतं, काढून ठेवलं होतं. समोर. वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात. आणि ती मी घडी न मोडता तळाशी सारली.

जा, घे ते चित्र, काढ चिमटा – पण पाय उचलेना. आता दोरीवर उरलं तरी काय होतं? दोन सिंह, एक हत्ती. आता कुणीही ओळखेल. आता ओळखणं याला ओळखणं म्हणत नाहीत, आणि हे कीर्तीला कळत नसेल इतकी काही ती लहान राहिलेली नाही. शिवाय उजवा हात अलमेलूच्या हातात, घट्ट.

दुःखाची तयारी तिने केली होती. लेकीचं दुःख सापडलं असतं तर तिने ते पोटाशी धरलं असतं, दोघी मिळून रडल्या असत्या, कदाचित मराठीतही. पण हे कागद खाणारं, तिरका डोळा करणारं द्वाड करडू इतके महिने त्याच घरात होतं, आईला त्रास नको म्हणून खुरांचा आवाज न करता वावरत होतं, आणि तिने त्याला लांबून पाहून दुसऱ्या कुणा सुखी बाईचं समजून हेवा केला... पवित्राला भीती वाटली. जयकुमार गेला तेव्हा वाटली होती तिच्यापेक्षा वेगळी, जास्त खोल.

"अक्का, ते कुणाचं आहे?" अलमेलूने करडाकडे बोट दाखवून विचारलं. आंटीची अक्का कधी झाली तेही पवित्राच्या ध्यानात आलं नाही. तिला उत्तर ठाऊक होतं. समोर कीर्तीही तिच्या ओठांकडे बघत होती, वाट बघत होती की नव्हती, हे मात्र त्या चेहऱ्यावरून तिला वाचता येईना.