कोरड्या फडक्याचा चमत्कार

रश्मीची पोरगी शू करणार होती, आणि ते पाहायला अर्धी गल्ली जमली होती.

अकोल्याच्या जुन्या शहरातलं केशरबाईंचं घर. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी रश्मी सकाळची शाळा आटोपून आली, तर अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कूलरसमोर निळं प्लास्टिकचं पॉट. पॉटवर तिची नऊ महिन्यांची लेक मैत्री, उघडी. कमरेला काळा करदोडा, जो सकाळी नव्हता. आणि समोर खुर्चीवर देवीदास महाराज, डोळे मिटून, दोन्ही हात वर करून बसलेले.

मंत्र सुरू होता. त्यात संस्कृत किती आणि पुटपुट किती, ते महाराजांनाच ठाऊक. शेवटी त्यांनी ओठांचा चंबू केला आणि लांबलचक फुंकर सोडली, "सूऽऽऽऽ."

पॉटमध्ये धार वाजली.

"मायबाई! पाह्यलं का वं?"

"इतकुसं लेकरू! अन् आयकते कसं!"

मोबाईल वर झाले. एका बाईनं वाकून नमस्कार केला. महाराजांना नाही, पॉटला.

"हे बालक साधं नाही," महाराज म्हणाले. "मागच्या जन्मीची योगिनी आहे. हिचं मूलाधार चक्र जागृत आहे. त्याची व्हायब्रेशन मी करदोड्यात उतरवली आहेत. क्वांटम लेव्हलला. हा करदोडा ज्या लेकराच्या कमरेला बसेल, त्याचं फडकं कोरडं राहील. दक्षिणा ऐच्छिक आहे." ऐच्छिक दक्षिणेचा क्यूआर कोड तुळशीवृंदावनाला चिकटवलेला होता.

हा माणूस आधी अमरावतीत स्मरणशक्ती वाढवायचे क्लास घ्यायचा. हीच व्हायब्रेशन तेव्हा पोरांच्या डोक्यात सोडायचा. पोरं नापास झाली, पालक भांडायला आले, क्लासला कुलूप लागलं. मग धंदा डोक्यावरून कमरेवर उतरला.

रश्मी गर्दीतून वाट काढत पुढे गेली. "महाराज, आमच्या घरात मागचा जन्म चालत नाही. ही याच जन्मीची आहे. द्या इकडे."

तिनं पोरीला उचललं, करदोडा तोडला आणि तुळशीपाशी टाकला. अंगण हळहळलं.

"रश्मी, असं नको करू वं," केशरबाई कळवळून म्हणाल्या. "महाराज कोपतीन!"

"काकू, मी पोरगी तुमच्या भरवशावर ठेवली होती. तमाशा करायला नाही."

खरं तर तमाशा केव्हाचाच सुरू होता. मैत्री झाली तेव्हा रश्मीची सासू जयवंताबाई दर्यापूरकडच्या खेड्यातून बाळंतपणाला आली होती. लेकरू जरा मोठं झाल्यावर ती पाय लांब करून बसायची, दोन पावलांवर त्याला बसवायची आणि तोंडानं "शूऽऽऽ" करायची. झोपेतून उठलं की, दूध पिऊन थोडा वेळ झाला की. लेकरू मोकळं व्हायचं. त्यात ना चक्र होतं, ना व्हायब्रेशन. डायपरनं पोरीच्या मांड्या उन्हाळ्यात सोलून निघत होत्या, म्हणून सासू गावी गेल्यावर रश्मीनं तेच पुढे चालवलं. पायांच्या जागी पॉट आलं, एवढाच फरक. पोरगी खेळता खेळता गप्प झाली, हनुवटी थरथरली, की समजायचं.

पण लोकांना समजून घ्यायचंच नव्हतं. पाहायचं होतं. दूध घालणाऱ्यापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना. "दाखवा नं मॅडम, एकडाव." सर्कस आहे का? एक जण म्हणायची, "एवढ्याशा जिवाले काऊन छळून राह्यली?" दुसरी म्हणायची, "आमचं पोट्टं शाळेत चाललं, तरी सांगत नाई. तुमी कोणतं औषध देता?" लग्नात अनोळखी बाई पोरीचं झबलं उचलून आत डायपर आहे का ते पाहून गेली! रश्मीनं पन्नासदा तेच सांगितलं. समोरची मान हलवायची आणि वर विचारायची, "ते झालं. पण खरं काय?"

रश्मीचा नवरा संघपाल अमरावतीला नोकरीला, घरी यायचा फक्त शनिवार-रविवारी. म्हणून शाळेच्या वेळात मैत्री खाली केशरबाईंकडे असायची. केशरबाईंचा नातू ललित आठ महिन्यांचा. त्यांनी मैत्रीचं पाहून त्यालाही बसवलं. जन्मापासून डायपरमध्ये राहिलेलं लेकरू ते, पाठ ताठ करून किंचाळलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी केशरबाईंनी निकाल लावला की पद्धत-बिद्धत काही नाही, ही कोणाची तरी कृपा आहे. रश्मी म्हणाली, "काकू, महिनाभर धीर धरा." पण धीर धरायला कष्ट पडतात. करदोडा बांधायला एक गाठ पुरते. गेल्या त्या देवीदासाकडे, आणि पोरगी कधी उठते, कधी पिते, कोणता आवाज काढला की शू करते, सगळं भक्तिभावानं सांगून आल्या. महाराजांना आयता मंत्र मिळाला.

करदोडा तोडला त्या दिवसापासून वर-खाली बोलणं बंद झालं. रश्मीनं फोन करून सासूला बोलावून घेतलं आणि जिन्याचं दार लावून टाकलं. लोक तरीही दार वाजवत. "योगिनी झोपली काय?" जयवंताबाई आतूनच ओरडायची, "योगिनी मुतली, धुणं पडलं हाय. धुता काय?"

पुढच्या गुरुवारी रश्मी शाळेतून आली, तर अंगणात मागच्याहून मोठी गर्दी होती. मान खाली घालून ती जिन्याकडे निघाली. इतक्यात मागच्या मोरीपाशी केशरबाईंची सून प्रणाली दिसली. ललितला छातीशी धरून उभी. प्रणाली रडत होती. ललित रडत नव्हता.

"ताई, याले पाहा नं जरा."

रश्मीनं पाहिलं. ओठांना पापुद्रे आलेले. डोळे आत गेलेले. टाळूवर बोट ठेवलं, तर टाळू खोल गेली होती. बाहेर अकोल्याचं ऊन पत्रे तापवत होतं.

"दूध कधी पाजलंस?"

"महाराजानं सांगतलं, करदोडा बसेपर्यंत पाणी नाही. दूध सकाळ-संध्याकाळ, तेही घोटभर. कालपासून फडकं ओलं नाही झालं, ताई. सासूबाई खूश हायेत. म्हणते, गुण आला."

ज्याला हे लोक चमत्कार म्हणून ओवाळत होते, ते लेकराच्या अंगातलं पाणी संपत आल्याचं लक्षण होतं. हळद-कुंकू वाहिलेलं कोरडं फडकं तिला खुंटीवर दिसलं.

"पाज आत्ता. आणि चल दवाखान्यात."

दारात केशरबाई आडव्या आल्या. "नाही! आज गुरुवार हाय. महाराज म्हणते, गुरुवारी धागा बाटला तं लेकराच्या जिवावर येते. एकच नातू हाय माहा."

"काकू, तो सोवळा झाला नाही, सुकला आहे!"

"तुह्या पोट्टीले जमते, अन् आमच्या लेकराचं आलं की तुले पोटात दुखते?"

केशरबाई दुष्ट नव्हत्या. घाबरलेल्या होत्या. आणि घाबरलेल्या माणसाशी वाद घालून दार उघडत नाही. ज्याच्या भीतीनं दार बंद झालं होतं तोच अंगणात बसला होता. रश्मी जिन्यापाशी धावली.

"आई! मैत्रीची झाली का?"

"आत्ताच बसवली होती पायावर," जयवंताबाई वरून म्हणाली. "सारी मोकळी झाली."

"आणा तिला खाली."

पोरीला पुन्हा त्या गर्दीत न्यायचं रश्मीच्या जिवावर आलं होतं. पण आत एक लेकरू सुकत होतं.

तिनं मैत्रीला पॉटवर बसवलं. अंगणात आनंदाची कुजबुज झाली. मॅडम शरण आली!

"महाराज, करा चमत्कार. माझ्या पोरीनं शू केली, तर मी स्वतः करदोडा बांधते."

महाराजांनी हात वर केले, मंत्र पुटपुटला, चंबू केला. "सूऽऽऽऽ."

मैत्रीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि हसली.

"सूऽऽऽऽऽऽ!"

मैत्रीनं त्यांची रुद्राक्षमाळ पकडून तोंडात घातली.

"सूऽ... सू..." महाराजांना ठसका लागला. "इथे कोणीतरी अपवित्र बाई आहे! व्हायब्रेशन तुटतात!"

"अपवित्र कोणी नाही," रश्मी म्हणाली. "टाकी रिकामी आहे. ती आत्ताच शू करून आली. तुमचं क्वांटम रिकाम्या टाकीतून पाणी काढू शकत नाही होय?"

कोणीतरी खुदकन हसलं. रश्मी गर्दीकडे वळली. कोपऱ्यात शेजारची माधवी तिच्या पोराला खांद्यावर घेऊन उभी होती. गोंगाटानं पोर नुकतंच जागं होऊन डोळे चोळत होतं. कमरेला काही बांधलेलं नव्हतं.

"माधवी, हा झोपेतून उठला की आधी काय करतो?"

"मुतते! दुसरं काय करते?"

"दे इकडे."

रश्मी तिथेच फरशीवर पाय लांब करून बसली. पोराला पावलांवर बसवलं. मंत्र नाही, डोळे मिटणं नाही. नुसता थोडा वेळ धीर. अंगण श्वास रोखून. आणि मग एक उंच, ठसठशीत धार सुटली, ती थेट महाराजांच्या भगव्या धोतरावर.

अंगण फुटलं. बायका एकमेकींच्या खांद्यावर हात मारून हसायला लागल्या.

"अवं, आपण साऱ्याच तं अशाच बसवत होतो पायावर!" एक म्हातारी म्हणाली. "तवा कुठं होते डायपर? माह्या सासूनं मले, म्या सुनेले शिकवलं. हे काय नवल झालं?"

"मग पॉटले नमस्कार काऊन केला, आजी?"

"सारे करत होते, म्हून केला!"

रश्मी मात्र हसत नव्हती. ती केशरबाईंसमोर उभी राहिली.

"काकू, माझी पोरगी कोरडी असते, कारण ती पिते आणि पॉटमध्ये करते. ललितचं फडकं कोरडं आहे, आणि पॉटही कोरडं आहे. मग पाणी गेलं कुठे? एवढंच विचारा महाराजांना."

केशरबाईंनी महाराजांकडे पाहिलं. महाराज धोतर झटकत चपला शोधत होते.

"सांगा नं महाराज," केशरबाई हळू म्हणाल्या. "कुठं गेलं?"

महाराजांना अमरावतीची गाडी आठवली. ते उठले. आता त्यांना कोणी अडवलं नाही, आणि केशरबाईंनी दारही अडवलं नाही. प्रणाली उंबरठ्यावरच बसून ललितला पाजत होती. त्याला ओढायची ताकद नव्हती. रश्मीनं ऑटो थांबवला, आणि केशरबाई अनवाणीच आत बसल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी सलाइन लावलं. करदोडा कात्रीनं कापताना ते एवढंच म्हणाले, "आणखी एक दिवस असाच गेला असता, तर मी काही करू शकलो नसतो."

बाप हो, बाया हो, कुतूहल वाईट नसतं. या गल्लीनं दोन महिने एका पोरीची शू पाहायला गर्दी केली. "दाखवा" सगळे म्हणाले. "कसं होतं" असं मनापासून विचारणारं कोणी निघालं नाही, आणि ज्यांना सांगितलं त्यांनी ऐकलं नाही. ती रिकामी जागा देवीदासानं भरली. उद्या दुसरा येईल, दुसऱ्या रंगाचा दोरा घेऊन. त्याला एकच विचारा, पाणी गेलं कुठे? आणि उत्तर मिळेपर्यंत लेकराच्या तोंडचं दूध तोडू नका.

संध्याकाळी रश्मी डबा घेऊन दवाखान्यात गेली. वॉर्डच्या दारात केशरबाई उभ्या होत्या. हातात एक फडकं, दोन बोटांत नव्हे, दोन्ही मुठींत घट्ट धरलेलं. रश्मीला पाहताच ते त्यांनी उंच धरलं. वॉर्डातली माणसं वळून पाहायला लागली, तरी त्यांना भान नव्हतं.

"रश्मी! ओलं झालं वं! पाह्य, गच्च ओलं झालं!"